पार्किंगमधून चौकात

हर्षाची नोकरीच मुळी संशय घेण्याची. रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये एका विमा कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की मग तो कुठे कोसळेल ते शोधत बसायचं, हे तिचं काम. घरी नवरा रविराज म्हणायचा, की ही बाई दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचते आणि मग ती तारीख छापली कोणी, असं विचारते. हर्षाला त्यात चेष्टा करण्यासारखं काही वाटायचं नाही. खडकीच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला फसणं परवडणारं नव्हतं, एवढंच ती म्हणायची.

त्यांचं घर मेट्रोच्या वाटेवरच्या एका लहान गावात होतं. तिथेच, वाचनालयातल्या डच भाषेच्या वर्गात, तिची योलांदाशी ओळख झाली. योलांदा बोलिव्हियाची, ओरुरो नावाच्या डोंगरातल्या शहरातून आलेली. एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, हसली की डोळे पूर्ण मिटणारी. तिच्या स्पॅनिश जिभेला 'ह' यायचाच नाही, त्यामुळे हर्षाची 'आर्षा' झाली ती कायमची. दोघी एकमेकींशी मोडक्यातोडक्या डचमध्ये बोलायच्या आणि वर्गातल्या बाईंपेक्षा एकमेकींकडूनच जास्त शिकल्या.

योलांदा आणि आसपासची काही कुटुंबं, कोणी पेरूची, कोणी कोलंबियाची, कोणी डॉमिनिकन, दर शरद ऋतूत एक उत्सव करायची. वस्तीचं एक समाजमंदिर होतं, इथल्या भाषेत बुर्टहाउस. त्याच्या मागच्या पार्किंगमध्ये गाड्या बाजूला काढून टेबलं मांडायची, स्पीकर लावायचा आणि संध्याकाळपर्यंत नाचायचं. घेरदार घागरे, डोक्यावर काळ्या गोल टोप्या, पायांत घुंगरांसारखं वाजणारं काहीतरी. करंजीसारख्या, पण आत कोंबडी आणि बटाटा भरलेल्या सालतेन्या ढिगाने असायच्या. हर्षा पहिल्या वर्षी कांदाभजी घेऊन गेली. योलांदाच्या आईने ती आपल्या हिरव्या तिखट चटणीत बुडवून खाल्ली आणि दुसरी परात कुठे आहे असं खुणेने विचारलं. तेव्हापासून कांदाभजी हा बोलिव्हियाच्या उत्सवाचा भाग झाला आणि हर्षा हा त्या टोळीचा.

एका वसंतातल्या शनिवारी योलांदा सायकल तशीच कुंपणाला टेकवून, कुलूपही न लावता, हर्षाच्या दारात आली. खेमेंते, म्हणजे गावची नगरपालिका, त्यांच्या उत्सवाला अधिकृत मान्यता देणार होती. लॅटिन अमेरिकी वारशाचा दिवस म्हणून तो गावाच्या वार्षिक कार्यक्रमात लागणार, महापौर स्वतः घोषणा वाचणार, आणि नाच होणार तो नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या मोठ्या चौकात.

रविराजने तिचं अभिनंदन केलं. मुलगी सानिका तिच्या गळ्यात पडली. हर्षाने चहा ठेवला आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत विचारलं, "आत्ताच का?"

योलांदाला प्रश्न कळला नाही. हर्षाने समजावलं. नऊ वर्षं तुम्ही नाचताय, नऊ वर्षांत कुणी साधं बघायलाही आलं नाही. येत्या मार्चमध्ये नगरपालिकेच्या निवडणुका आहेत. योलांदा हसली, तिचे डोळे मिटले, आणि ती म्हणाली की आर्षा, कधीकधी चांगली बातमी नुसती चांगली असते. पण ते म्हणताना तिने कपाकडे बघितलं, हर्षाकडे नाही. हर्षाच्या मनात ते राहून गेलं.

त्या रविवारी तिने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. भानुदास, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांना खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वस्तीतल्या जयंतीचं काम त्यांनी जन्मभर केलेलं. हर्षाच्या लहानपणी जयंतीचा मांडव वस्तीचा असायचा. बांबू मागून आणलेले, कापड शिवून जोडलेलं, आणि स्टेजवर रात्रभर वस्तीचेच गायक. मग एका वर्षी नगरसेवकाने सांगितलं की यंदा मांडव आमच्याकडून, लाइट आमच्याकडून, तुम्ही नुसतं यायचं. वस्ती खूश झाली. त्या वर्षी स्टेजवर भाषणं झाली, सत्कार झाले, हार झाले, आणि वस्तीच्या गायकांना जेव्हा बोलावलं तेव्हा खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. हर्षा तेव्हा पुढच्या रांगेत बसली होती. खुर्च्यांच्या खडखडाटात गाणाऱ्या तानाजीकाकांचा चेहरा तिला अजून आठवत होता.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मान्यता मिळणं वाईट नाही, असं ते म्हणाले; त्यासाठी आपलीही माणसं भांडली आहेत, मान्यता नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. "पण एक ध्यानात ठेव हर्षू. मांडव त्यांचा आला की माईकही त्यांचा होतो. तेवढं कोण बघतंय, ते बघ."

झालं. हर्षाने ते बघायचं ठरवलं.

योलांदाच्या उत्सव मंडळाची नगरपालिकेशी पहिली बैठक झाली तेव्हा डच कागद वाचायला म्हणून हर्षाही गेली. समोर मार्लेन नावाची अधिकारी होती. पन्नाशीची, आखूड पांढरे केस, बोलताना पेन्सिल कानामागे. तिने सगळ्यांना कॉफी दिली, प्रत्येकाचं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न केला, हर्षाच्या प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलं. हर्षाला तेच खटकलं. इतकी वर्षं या देशात राहून तिला एवढं ठाऊक होतं, की इथला माणूस घाईत असला तर सरळ तसं सांगतो. या बाईला घाई कशी नाही? चौकातच का, पार्किंगमध्ये का नाही, असं तिने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मार्लेन तिन्ही वेळा म्हणाली, सगळ्या गावाला दिसावं म्हणून.

काही दिवसांनी ऑफिसातून येताना हर्षा मुद्दाम सायकल वळवून बुर्टहाउसच्या मागे गेली. पार्किंगमध्ये नारिंगी जाकिटं घातलेली दोन माणसं तिपाईवर दुर्बीण लावून काहीतरी मोजत होती. जमिनीवर जागोजाग रंगाच्या खुणा होत्या. हर्षाने सायकल थांबवून त्यांना विचारलं. एकाने खांदे उडवले. दुसरा म्हणाला, घरं होणार इथे, अजून वेळ आहे.

हर्षा तिथेच उभी राहिली. आता तिला सगळं लख्ख दिसलं. जागा काढून घ्यायची होती. नुसती काढून घेतली असती तर आरडाओरडा झाला असता. म्हणून आधी मान द्यायचा, महापौर आणायचा, चौकात नाचवायचं, आणि मागच्या मागे पार्किंग मोकळं करायचं. तिला त्या मार्लेनच्या कॉफीची आठवण होऊन संताप आला.

ती तशीच योलांदाच्या घरी गेली. योलांदाची आई खिडकीत बसून वाटाणे सोलत होती. हर्षाने धापा टाकत सगळं सांगितलं. योलांदाने ऐकलं, आणि तिला जराही धक्का बसला नाही. हर्षा बोलायची थांबली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

योलांदाने मान हलवली. हिवाळ्यातच कळलं होतं, ती सांगू लागली. बुर्टहाउसच्या व्यवस्थापकाने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ती जागा जाणार आहे. तिने रडारड केली नाही. ती सरळ नगरपालिकेत गेली, मार्लेनला भेटली, आणि म्हणाली की जागा तुम्ही घेणारच आहात, मग बदल्यात चौक द्या. आणि एका वर्षापुरता नको. दरवर्षी, तुमच्या कार्यक्रमात लिहून. मान्यतेची कल्पना नगरपालिकेची नव्हतीच. ती योलांदाची होती.

हर्षाने विचारलं, की मग मंडळाला का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर पेरूवाले आणि कोलंबियावाले अजून भांडत बसले असते. आणि तू 'नको' म्हणाली असतीस," योलांदा म्हणाली. "आर्षा, नऊ वर्षं आम्ही इमारतीच्या मागे नाचलो. कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मला एकदा पुढे नाचायचंय. माझी आई म्हातारी झालीय."

हर्षाने ते ऐकलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. जिने हे लपवलं, ती अजून काय लपवत असेल? आणि तिने ते बोलून दाखवलं. याच्या बदल्यात तुला स्वतःला काय मिळालं, असं ती म्हणाली. शब्द बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आले.

वाटाणे सोलणारे हात थांबले. म्हातारीला डच येत नव्हतं, पण आवाज कळत होता. योलांदा उठली आणि तिने दार उघडून धरलं. हा उत्सव माझा आहे, ती म्हणाली, तू पाहुणी आहेस. चिडून नाही, दवाखान्यात पुढच्या पेशंटला सांगावं तशा आवाजात.

त्यानंतर उन्हाळा आला तरी दोघी बोलल्या नाहीत. जम्बो सुपरमार्केटमध्ये एकदा समोरासमोर आल्या, तेव्हा योलांदाने भाज्यांच्या रांगेतून ट्रॉली वळवली. रविराज म्हणाला, सॉरी म्हणून टाक. हर्षा म्हणायची, म्हणेन. पण संशय गेला नव्हता आणि संशय मनात ठेवून माफी मागणं तिला जमत नव्हतं. तिने नगरपालिकेच्या वेबसाइटवर ठरावाचा मसुदा शोधून काढला आणि चारदा वाचला. महापौर, घोषणा, झेंडा, चौक, साफसफाई, सगळं होतं. त्या दिवशी स्टेजवर कोण जाणार, हे कोण ठरवणार, त्याबद्दल एक ओळही नव्हती. टेस्टरला हे नेमकं माहीत असतं. जे लिहिलेलं नसतं, तिथेच प्रोग्रॅम कोसळतो.

ठराव आधी समितीपुढे येणार होता आणि तिथे कोणत्याही नागरिकाला नाव देऊन बोलता यायचं. हर्षाने नाव दिलं. सानिकाला हे कळलं तेव्हा ती जेवणाच्या ताटावरून न उठता म्हणाली, "आई, दिस इज नॉट युअर फेस्टिव्हल." हर्षाने तिला मराठीत सांगितलं की मला माहीत आहे. सानिकाने मग इंग्रजीतच विचारलं की योलांदामावशीला सांगितलंस का. हर्षाने तिला भात वाढला.

त्या संध्याकाळी सभागृहात योलांदा पहिल्या रांगेत बसली होती. काळी गोल टोपी, लाल शाल. शेजारी तिची आई, तशाच टोपीत. हर्षाचं नाव पुकारलं तेव्हा योलांदाने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा घट्ट झाला. ही आता सगळं मोडणार, असं तिला वाटलं असणार. हर्षाला ते दिसलं. तरी ती माईकपाशी गेली.

"मी या ठरावाच्या विरोधात नाही," ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. त्या दिवशी स्टेजवर कोण जाणार, कधी आणि किती वेळ, हे कोण ठरवणार?"

उत्तर द्यायला हॉफस्ट्रा नावाचा वेटहाउडर होता. वेटहाउडर म्हणजे निवडून आलेल्या पक्षांनी नेमलेला कारभारी; उत्सव आणि संस्कृती त्याच्याकडे. उंच, गोड बोलणारा, बाह्या दुमडलेला. तो हसून म्हणाला की अर्थातच मंडळ ठरवणार, दुसरं कोण? मग ते ठरावात लिहा, हर्षा म्हणाली. सभागृहात कुणीतरी हसलं. हॉफस्ट्रा म्हणाला की एवढा अविश्वास बरा नव्हे, इथे आपण एकमेकांवर भरवसा ठेवून चालतो. हर्षा म्हणाली, भरवसा असेल तर लिहायला अडचण काय?

आता कुणी हसलं नाही. विरोधी बाकावरच्या एका वयस्कर बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं. ठराव मुख्य सभेत मंजूर झाला तेव्हा त्यात त्या बाईंची एक ओळ जास्तीची होती. कार्यक्रम मंडळ ठरवेल. हर्षाला ते वेबसाइटवर कळलं. योलांदाचा फोन आला नाही.

उत्सवाचा दिवस उजाडला तो वाऱ्याचा आणि भुरभुर पावसाचा. हर्षा कांदाभजी न घेता गेली. कुणी बोलावलं नव्हतं. ती चौकाच्या टोकाला, फुलांच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली आणि सगळीकडे संशयाने बघत राहिली. चौक भरला होता. स्टेज मोठं होतं, झेंडे ओले होऊन खांबाला चिकटले होते. महापौरांनी घोषणा वाचली, टाळ्या झाल्या. मग हॉफस्ट्रा बोलायला उभा राहिला आणि बोलतच राहिला. गाव कसं सर्वांचं, विविधता कशी आपली ताकद, पुढच्या वर्षी अजून काय काय करायचं आहे. पाऊस वाढला. मागच्या रांगांतून लोक हलू लागले. स्टेजच्या पायऱ्यांशी घागरे सावरत उभ्या असलेल्या बायकांकडे बघताना हर्षाला तानाजीकाका आठवले. हे तिने आधी पाहिलं होतं.

तेवढ्यात योलांदा पायऱ्या चढून वर गेली. हॉफस्ट्रा वाक्याच्या मध्यावर होता. तिने काही बोलायच्या आधी त्याचा दंड धरला, मैत्रीने धरावा तसा, आणि दुसऱ्या हाताने माईक घेतला. कार्यक्रम मंडळ ठरवतं, असं ती स्वच्छ डचमध्ये म्हणाली, आणि लोक हसले, हॉफस्ट्रालाही हसावं लागलं. मग ती एका वेगळ्याच भाषेत बोलू लागली. ती स्पॅनिश नव्हती. डॉमिनिकन कुटुंबं एकमेकांकडे बघू लागली, त्यांनाही कळेना. तिच्या आईची भाषा होती ती, केचुआ. योलांदा ती लोकांसमोर कधीच बोलायची नाही, शाळेत त्या भाषेपायी मार खाल्ला होता असं तिने हर्षाला एकदा सांगितलं होतं. अख्ख्या चौकात ती कळणारी बाई एकच, आणि ती पहिल्या रांगेत छत्रीखाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

मग ढोल वाजला आणि बायका नाचायला वर गेल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. पावसात ओले झालेले घागरे जड झाले होते आणि गिरकी घेताना त्यातून पाणी उडत होतं.

मार्लेन कधी शेजारी येऊन उभी राहिली, हर्षाला कळलं नाही. ती कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवत होती. ठरावाबाहेरच्या, आमच्या आतल्या आराखड्यात सगळा कार्यक्रम एका इव्हेंट कंपनीकडे द्यायचा होता, ती हळूच म्हणाली. नाचाला शेवटी थोडी जागा, मध्ये साल्सा शिकवणारी हॉलंडची टीम. ते बदलावं म्हणून मी आतून प्रयत्न केला, जमलं नाही. बाहेरून कुणी विचारल्याशिवाय होणार नव्हतं.

हर्षाने तिच्याकडे पाहिलं. हे खरं असेल? की आता सगळं नीट पार पडल्यावर श्रेयात वाटा मागायला आली आहे? मार्लेनचा चेहरा पावसाने ओला होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत, हर्षाने विचारलं. मार्लेन म्हणाली, माझी नोकरी तिथे आहे. हे मात्र हर्षाला पटलं. अख्ख्या वर्षात त्या इमारतीतून आलेलं हे पहिलं उत्तर तिला पूर्ण पटलं होतं.

नाच संपल्यावर ती निघाली. योलांदाने स्टेजवरून तिला पाहिलं होतं की नाही, तिला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात योलांदा आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. त्या संध्याकाळी सभेत तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं तू सूड घेणार, ती म्हणाली. हर्षा म्हणाली की तुझ्या घरी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. योलांदा म्हणाली, हो, नको होतं. मग योलांदाने सांगितलं की आईला भजी हवीत, उत्सवात का नव्हती म्हणून रोज विचारते. हर्षाने पीठ भिजवायला घेतलं. योलांदा आत आली. पूर्वीसारखं सगळं झालं असं नाही. योलांदा आता तिला काही सांगताना जरा विचार करून सांगते, आणि हर्षा काही विचारताना शब्द एकदा तोंडात फिरवून बघते. पण विचारते.

मार्चच्या निवडणुकीत हॉफस्ट्राचा पक्ष मागे पडला. पार्किंगभोवती पत्र्याचं कुंपण आलं आणि त्यावर हसऱ्या कुटुंबांची चित्रं लागली. उन्हाळ्यात नवी वेटहाउडर आली, तरुण बाई, हातात टॅब्लेट. पुढच्या उत्सवाच्या बैठकीला योलांदाने हर्षाला मंडळाची सभासद म्हणून नेलं. ओळख करून देताना ती म्हणाली, "ही आर्षा. आमच्यात संशय घ्यायचं काम हिच्याकडे आहे."

नवी बाई हसली आणि तिने हात पुढे केला. हर्षाने तो हातात घेतला, आणि सोडायच्या आधी विचारलं की हॉफस्ट्रासाहेबांनी जाताना या उत्सवाबद्दल तुम्हाला नक्की काय काय सांगितलं आहे.